जीआरईची व्होकॅब: तयार डेक, रूट्स की वाचन?

जीआरईची, म्हणजे परदेशात मास्टर्स-पीएचडीला जाण्यासाठी द्यायच्या परीक्षेची, तारीख घेतली की पहिला प्रश्न हाच पडतो, शब्द कसे करायचे, आणि मग कोणी ॲप सांगतं, कोणी रूट्सचं, म्हणजे इंग्रजी शब्दांच्या लॅटिन-ग्रीक मुळांचं, पुस्तक हातात देतं, कोणी म्हणतं नुसतं वाचत राहा बाकी आपोआप येतं. मी तिन्ही करून बघितलंय म्हणून लिहितेय. त्याआधी एक काम करा, जिथे अप्लाय करणार आहात त्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर जाऊन जीआरई लागतेच का ते बघा, कारण २०२० नंतर बऱ्याच डिपार्टमेंट्सनी ती ऑप्शनल केली किंवा काढूनच टाकली. आणि एमबीएसाठी कॅट देणाऱ्यांनी एवढा खटाटोप करू नका, तिथे आता भर उताऱ्यांवर असतो.

आता जीआरईचा पेपर काय मागतो ते बघू, कारण निवड त्यावरच आहे. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली, व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाचे, दोन सेक्शन, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत आणि दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. साधारण निम्मे प्रश्न शब्दांवरचे. एका प्रकारात एक ते तीन गाळलेल्या जागा, दुसऱ्यात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच निघेल, आणि अर्धं बरोबर असेल तर अर्धे मार्क वगैरे काही नाही. २०११ पर्यंत विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजी थेट विचारायचे, तेव्हा पाठ केलेली यादी तशीच्या तशी उपयोगी पडायची. आता शब्द वाक्यात बसवून दाखवावा लागतो. त्यामुळे सीनियरकडून आलेली तीन-साडेतीन हजार शब्दांची पीडीएफ सरळ बाजूला ठेवा. मी अशीच एक ए पासून सुरू केली होती आणि ॲबेट, ॲबेयन्स, ॲबरंट, ॲब्स्टेमियस असे एकसारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी केल्याने महिनाभर त्यांची सरमिसळ होत राहिली. ए टू झेड क्रमाने कधीच करू नका.

तयार डेक, म्हणजे अँकीसारखं ॲप आणि त्यात कुणीतरी बनवलेली हजारेक शब्दांची कार्डं, पुढे शब्द आणि मागे अर्थ. वेग हा याचा मोठा फायदा. रोज २० नवीन धरले तर हजार शब्द ५० दिवसांत एकदा डोळ्यांखालून जातात, आणि जो विसरतो तो ॲप लवकर परत आणतं, जो येतो तो लांबवतं. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. पण नवीन २० म्हणजे रोजचे २० नव्हेत हे आधीच समजून घ्या, दोन-तीन आठवड्यांत जुन्या कार्डांची रिव्हिजनच रोज दीडशेच्या आसपास जाते आणि चार दिवस गावाला गेलात की डोंगर साचतो, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. त्याहून मोठी अडचण अशी की डेकवर शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा इंग्रजी शब्द असतो, आपण तो ओळखतो आणि वाटतं आला.

इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगेन, कार्डाच्या मागे मराठी लिहा. पग्नेशस म्हणजे भांडकुदळ, क्वेरुलस म्हणजे कुरकुऱ्या, टॅसिटर्न म्हणजे घुमा, ऑब्ड्युरेट म्हणजे हेकट, सिकोफंट म्हणजे खुशमस्कऱ्या. हे शब्द आपण लहानपणापासून खऱ्या माणसांसाठी वापरलेत, त्यामुळे अर्थाबरोबर त्यातली चीड, माया, टोमणा सगळं येतं, आणि पेपर नेमकी तीच छटा तपासतो. खाली एक पूर्ण इंग्रजी वाक्यही हवंच, कारण काही शब्द आपल्याला अर्धेच माहीत असतात. सँक्शन म्हटलं की लोन मंजूर झालं एवढंच डोक्यात येतं, पण तोच शब्द निर्बंधांसाठीही आहे. क्वालिफाइड स्तुती म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते, अर्थ मात्र अंगातलं त्राण काढून घेणं.

रूट्सचं आकर्षण मला कळतं, संस्कृत शिकलेल्यांना तर ते घरचंच वाटतं. ग्रेग म्हणजे लॅटिनमध्ये कळप, त्यावरून ग्रिगेरियस म्हणजे माणसांत रमणारा, सेग्रिगेट म्हणजे कळपातून वेगळं काढणं. पण शाळेत आहार, विहार, प्रहार, संहार शिकलो ते आठवा, धातू एकच आणि नुसत्या धातूवरून आहार कुठला नि संहार कुठला हे कुणी ओळखू शकेल का? ईग्रीजसचं तसंच, मुळात कळपातून उठून दिसणारं, आज अर्थ भयंकर वाईट, ढळढळीत. म्हणून रूट्स लक्षात ठेवायला वापरा, परीक्षेत अंदाज बांधायला नको. स्वतंत्र दोन महिने यावर घालवू नका.

वाचन सगळ्यात हळू, आणि सगळ्यात टिकाऊ. एऑन या वेबसाइटवरचे निबंध फुकट आहेत, इंग्रजी पेपरांचे अग्रलेख कुठल्याही लायब्ररीत मिळतात. रोज एक लेख, त्यातले पाचच शब्द त्यांच्या वाक्यासकट वहीत. महिनाभरात शंभर-दीडशेच शब्द होतील, संख्या बघून निराश व्हायला होतं, पण वाक्य कुठे वळतं, लेखक दुजोरा देतोय की खोडतोय हे कळायला लागतं आणि उताऱ्यांचे प्रश्नही त्यातूनच सुधारतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणि सहा महिने हातात असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, डेक नंतर जोडता येतो. दोनच महिने असतील तर डेक मुख्य आणि वाचन रोज वीस मिनिटं. तीन आठवडेच असतील तर वारंवार येणारे तीनशे शब्द करा आणि बाकी वेळ प्रश्न सोडवा.

तरी ठरत नसेल तर जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या दोन फुकट पॉवरप्रेप सराव टेस्टपैकी एक आत्ताच द्या आणि चुकलेले प्रश्न समोर घेऊन बसा. प्रत्येकापुढे लिहा, शब्दच माहीत नव्हता की सगळे शब्द माहीत असून चुकलं. पहिल्या प्रकारच्या चुका जास्त निघाल्या तर डेक उघडा. दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या तर आणखी हजार शब्द करून स्कोअर हलणार नाही, वाचायला बसा.