कंपनीचं रिलोकेशन पॅकेज, पुणे ते हैदराबाद: पाचपैकी अडीच स्टार

आमच्या कंपनीने खराडीचं इंजिनिअरिंग सेंटर गुंडाळलं आणि अख्खी प्लॅटफॉर्म टीम हैदराबादला हलवली. मेल शुक्रवारी संध्याकाळी सहाला आला, मुदत 45 दिवस, जाणार असाल तर रिलोकेशन पॅकेज आणि नसाल तर रामराम. डोक्यावर होम लोन, मुलगी चौथीत, नवऱ्याचं काम घरूनच, म्हणून हो म्हटलं. नावं कुणाचीच घेत नाहीये, कारण वर्षाच्या आत नोकरी सोडली तर पॅकेजचे पैसे परत करायचे असा बाँड आहे आणि त्यातले अजून सात महिने बाकी आहेत. तर कंपनीने हे काम दिलं एका रिलोकेशन एजन्सीला, एजन्सीने दिलं पॅकर्सवाल्यांना, त्यांनी ट्रकवाल्याला, आणि या सगळ्यात आमचं सामान नेमकं कुणाच्या ताब्यात होतं हे सहा दिवस कुणालाच सांगता येत नव्हतं.

आधी पैशाचं सांगते, कारण तिथेच मी गंडले. पॅकेजमध्ये होतं 14 दिवस सर्व्हिस अपार्टमेंट, तिकिटं, सामानाची ने-आण, घर शोधायला एक दिवस माणूस आणि गाडी, आणि वर एक सेटलिंग अलाउन्स. हा अलाउन्स पगारात आला आणि त्यावर मस्तपैकी टीडीएस कापला गेला. शेजारच्या टीममधल्या एकाने शहाणपणा केला, त्याने सामान स्वतः पाठवलं, बिलं लावली आणि रीइम्बर्समेंट घेतलं, त्याचा एक रुपया कापला नाही. बदलीच्या वेळचा प्रवास आणि सामान बांधून नेण्याचा जो खरा खर्च झालाय तो टॅक्समधून सुटतो, नुसती रोख रक्कम हातात दिली की तो पगारच धरतात. हे एचआरला माहीत असतं पण आपणहून कोण सांगतंय. स्वतः गाडी ठरवणार असाल तर कोटेशनवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो तेही धरून चाला, फोनवर सांगितलेल्या आकड्यात तो कधीच नसतो.

सामानाचा सर्व्हे झाला व्हिडिओ कॉलवर. समोरचा पोरगा म्हणे मॅम कॅमेरा फिरवा, मी फिरवला, त्याने सोफा एक, बेड दोन, कार्टन पंचवीस असं भराभर लिहून घेतलं आणि दहा मिनिटांत संपलं. बाल्कनीत चादर टाकलेली आमची घरघंटी त्याला वॉशिंग मशीन वाटली असावी, कारण यादीत वॉशिंग मशीन दोन आणि घरघंटी शून्य. मीपण यादी नीट वाचली नाही, सही ठोकून पाठवली. ही चूक लक्षात ठेवा, पुढे येणारच आहे.

पॅकिंगच्या दिवशी मात्र जी टीम आली तिला मी डोळे झाकून पाच स्टार देते. चार पोरं आणि एक मुकादम. स्वयंपाकघरात जो पोरगा होता त्याने मिसळणाचा डबा उघडून बघितला, मला वाटलं आता सगळं रिकामं करायला सांगणार, पण त्याने आतल्या प्रत्येक वाटीवर प्लास्टिकचा तुकडा दाबून बसवला, झाकण लावलं, वरून फिल्मचे चार वेढे मारले आणि खोक्यावर बाण काढून वरची बाजू लिहिली. हैदराबादला डबा उघडला तर हळद हळदीच्या वाटीत आणि मोहरी मोहरीच्या. काचेचा एक ग्लास फुटला नाही. मुकादम परभणीकडचा निघाला आणि सासूबाई उदगीरच्या, मग काय, दोघांची गट्टीच जमली. तो म्हणाला आजी, तुम्ही तर माहेराच्या जवळ चाललात की, आणि खरंच आहे ते, उदगीरहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि त्यांच्याकडे अजूनही मोठा दवाखाना म्हटलं की हैदराबादच. या सगळ्या प्रकरणात घरात खुश असलेल्या त्या एकट्याच.

तुळस मात्र घ्यायला नाही म्हणाले, झाडं नेतच नाहीत. गॅस सिलेंडरही नाही, तो एजन्सीत परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या आणि ते जपून ठेवा, नव्या गावात त्याच्यावरच कनेक्शन मिळतं.

आता रडगाणं. ठरलं होतं आख्खी गाडी फक्त आपली, आला एक छोटा टेम्पो. विचारलं तर म्हणे मॅडम सोसायटीत मोठी गाडी येत नाही ना, पुढे बदलू. पुढे म्हणजे वाघोलीच्या गोडाऊनमध्ये, जिथे आमचं सामान उतरवून दुसऱ्या चार घरांच्या सामानाबरोबर पार्ट लोडमध्ये घातलं. पुणे-हैदराबाद साधारण 560 किलोमीटर, सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा सरळ हायवे, गाडी एका रात्रीत आणि फार तर दीड दिवसात पोचते. आमची सहाव्या दिवशी पोचली. ट्रॅकिंगच्या लिंकवर चार दिवस इन ट्रान्झिट दिसत होतं आणि पाचव्या दिवशी कळलं की तेव्हा गाडी वाघोलीतच उभी होती, कारण ट्रक भरला नव्हता. एजन्सीचा जो सिंगल पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट म्हणून दिला होता तो या सहा दिवसांत तीन वेळा बदलला, आणि प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्यापासून रामायण सांगायचं. सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये एक कढई आणि अडीच चमचे, तिथे सहा दिवस पाच जणांचा स्वयंपाक करून दाखवा म्हणावं. शेवटी गाडी पाटनचेरूला येऊन थांबली, दिवसा शहरात मोठ्या गाडीला एंट्री नाही, मग परत सामान छोट्या गाडीत. एवढ्या चढ-उतारात घरघंटीचा एक पाय तुटला आणि दाराला पोचा आला. लोडिंगचं काम ज्यांनी केलं त्यांची यात काही चूक नाही, त्यांनी एकदाच बांधलं होतं, तीन वेळा हलवायचंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

घर शोधून देणाऱ्या माणसाने एका दिवसात तीन फ्लॅट दाखवले, तिन्ही एकाच सोसायटीत आणि तिन्ही बजेटच्या बाहेर. शेवटी आम्हीच रविवारी मियापूरच्या गल्ल्यांमधून हिंडलो, इथे गेटवर टू-लेटच्या पाट्या लटकवतात, पाटीवर फोन करायचा, वॉचमन चावी घेऊन हजर, ब्रोकर नाही की काही नाही. हे मला पुण्यापेक्षा फार आवडलं. फक्त घर बघताना पाणी मंजिराचं (म्हणजे नळाला येणारं नदीचं) की बोअरचं ते आधी विचारा, बोअरचं असेल तर गीझरचं कॉइल आणि आपले केस दोन्ही गेले समजा. ऑफिस नानकरामगुड्यात. खराडीला असताना मेट्रो रामवाडीपर्यंतच यायची, इथे रायदुर्गपर्यंतच येते, ऑफिस दोन्हीकडे त्याच्या पुढेच. त्यात मियापूरहून रायदुर्गला जायचं तर आधी अमीरपेठला जाऊन गाडी बदलायची, म्हणजे नाक पकडायला डोक्यामागून हात. मी आता स्कूटरनेच जाते.

स्कूटरचं आरटीओ सपोर्ट पॅकेजमध्ये होतं म्हणे, ते म्हणजे एका एजंटचा मोबाईल नंबर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची असेल तर रजिस्ट्रेशन बदलावं लागतं, त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, इथे परत टॅक्स भरायचा आणि मग तिकडे भरलेल्यातला उरलेला परत मागायचा. एनओसी पुण्यात असतानाच काढून घ्या, मी आता त्यासाठी एक वीकेंड घालवणार आहे. एमएच-बारा जाऊन टीजी लागणार याचं मुलीला वाईट वाटतंय, मला टॅक्सचं. शाळेची मदत म्हणून आली एक पीडीएफ, त्यात शाळांची नावं, बास. तेलंगणात 2018 च्या कायद्यामुळे शाळेत तेलुगू शिकावंच लागतं, जसं आपल्याकडे 2020 पासून मराठी, आणि हे त्या पीडीएफमध्ये कुठेही नव्हतं, ॲडमिशनच्या दिवशी कळलं. पोरगी मात्र महिन्याभरात वॉचमनच्या मुलीकडून अक्षरं शिकली, आता दुकानांच्या पाट्या वाचून मला सांगते.

एक फायदा झाला, प्रोफेशनल टॅक्स. महाराष्ट्रात फेब्रुवारीत 300 कापायचे, इथे बाराही महिने 200. वर्षाला शंभर रुपये वाचले, कंपनीचे आभार.

इन्शुरन्सबद्दल सांगायचं राहिलं. ट्रान्झिट इन्शुरन्स कंपनीने भरला होता, मी क्लेम टाकला, फोटो दिले, बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या मालपावतीवर, ड्रायव्हरकडून डॅमेजचा शेरा पण लिहून घेतला होता (हे नक्की करा, सामान उतरल्यावर सही करायच्या आधी). तीन आठवड्यांनी उत्तर आलं की घरघंटी डिक्लेअर्ड लिस्टमध्ये नाही, सबब क्लेम नामंजूर. मी उलट लिहिलं की तुमच्या यादीत दोन वॉशिंग मशीन आहेत आणि माझ्या घरात एकच आहे, तर दुसरं हरवलं असं धरून त्याचे पैसे द्या. त्याला आता पंधरा दिवस झाले, तिकीट अंडर रिव्ह्यू आहे. तोवर तुटक्या पायाखाली ओरॅकलचं जुनं जाड पुस्तक घातलंय आणि दळण चालू आहे. तुळस मागच्या आठवड्यात सासूबाईंनी एसटीने उदगीरमार्गे आणली, मांडीवर धरून.