फौजीभाऊंचे ऑनलाइन सेवा केंद्र : एक अभिप्राय

तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन सेवा केंद्रांची आता वानवा राहिलेली नाही. बसस्थानकापासून तहसील कचेरीपर्यंतच्या रस्त्यावर अशा चार-पाच पाट्या सहज दिसतात आणि बहुतेक ठिकाणचा प्रकार सारखाच असतो. काउंटरवर गर्दी वाकलेली, एकाचा आधार क्रमांक दुसरा वाचतो आहे, ओटीपी मोठ्याने सांगितला जातो आहे आणि गावातल्या निम्म्या कास्तकारांचे पासवर्ड मालकाच्या वहीत उतरवलेले आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, पैनगंगेच्या बाजूच्या एका गावात यापेक्षा निराळे चालणारे एक केंद्र आहे. माझ्या आईचे कुटुंब निवृत्तिवेतन, शेतीचे कागद आणि घरातला जुना लॅपटॉप या तिन्ही कामांसाठी मी तिथे नियमित जातो.

केंद्राचे मालक लष्कराच्या सिग्नल कोअरमधून, म्हणजे संदेशवहनाचे काम पाहणाऱ्या दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्रात ते बिनतारी यंत्रे आणि लाइनचे काम शिकले, पुढे संगणकाकडे वळले आणि निवृत्तीनंतर काही वर्षे पुण्यात नेटवर्कची नोकरी करून गावी परतले. ते समलिंगी आहेत आणि विचारणाऱ्याला तसे सरळ सांगतात. दुकानाचे नाव मात्र मी इथे मुद्दाम देत नाही, कारण त्यांनी गावाला सांगितले म्हणून मीही ते जगभर सांगत फिरावे, असे होत नाही. नावाशिवाय लिहिलेला अभिप्राय अर्धवट वाटेल, हे मला मान्य आहे. पण त्या रस्त्यावर ‘फौजीभाऊंचे दुकान’ विचारले तर पानठेल्यावरचा पोरगाही बोट दाखवतो.

या केंद्राचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिथे माणसाचा कागद त्या माणसाचाच राहतो. ग्राहकाच्या खुर्चीशेजारी लाकडी आडोसा आहे आणि पडदा मालक व ग्राहक या दोघांनाच दिसेल असा वळवलेला आहे. बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचे, मग ते सरपंच का असेनात. एक म्हातारे कास्तकार सवयीप्रमाणे ओटीपी ओरडून सांगू लागले, तेव्हा फौजीभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, “आबाजी, मोठ्यानं नोका सांगू जी, मोबाइल इकडं करा, मी पायतो.” काम झाल्यावर ते स्कॅन केलेली फाइल ग्राहकासमोरच पुसून टाकतात आणि रिसायकल बिनही रिकामा करतात. आधारची प्रत द्यायचीच असेल, तर शक्य तिथे शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत काढून देतात. बोटाच्या ठशावर खात्यातून परस्पर पैसे निघाल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. त्यामुळे आधारवरचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटाचे ठसे वगैरे, लॉक कसे करायचे, हेही ते न विचारता शिकवतात.

ही काळजी कुठून आली, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम ४६ मध्ये अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि या माणसाची सारी नोकरी त्या कलमाच्या छायेत गेली. दुसऱ्यांचे संदेश सुरक्षित पोहोचवणे हे त्यांचे काम होते आणि स्वतःचे एक पत्र कुणाच्या हाती लागले असते, तर पेन्शनसकट सगळेच गेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवताना लैंगिक कल हा त्याचा अत्यावश्यक भाग असल्याचे म्हटले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. सैन्याची दारे मात्र त्यामुळे उघडली नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुखांनी हे लष्करात चालू देणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. अमेरिकेच्या सैन्यातली अशीच बंदी २० सप्टेंबर २०११ ला संपली होती. हा फरक फौजीभाऊ रागाने सांगत नाहीत, तारखांसह सांगतात. खासगीपणाच्या निकालाची तारीख त्यांनी त्या आडोशावर खडूने लिहून ठेवली आहे, आणि ग्राहकांपैकी बरेच जण तिला दुकानाच्या उद्घाटनाची तारीख समजतात.

आता कामाबद्दल. माजी सैनिकांची व त्यांच्या विधवांची पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून लष्करी अभिलेखातले नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, ही घरोघरची तक्रार झाली आहे. आमच्याकडेही आईचे नाव एका ठिकाणी माहेरचे, दुसरीकडे सासरचे आणि तिसरीकडे भलत्याच स्पेलिंगचे होते. आधी ज्या केंद्रात गेलो, तिथे प्रत्येक वेळी नवा फॉर्म भरून पैसे घेतले गेले आणि अर्ज तसाच परत आला. फौजीभाऊंनी पहिल्या दिवशी एकही फॉर्म भरला नाही. सगळे कागद टेबलावर मांडून कोणते नाव कुठून आले ते पेन्सिलीने लिहिले, प्रतिज्ञापत्राचा मजकूर करून दिला आणि आधी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र धाडायला लावले. वेळ लागला, पण दुरुस्ती झाली. कापूस वेचून आईच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्यामुळे हयातीचा दाखला ते चेहरा पडताळणीने करतात. तिला उजेडाकडे तोंड करून बसवतात आणि पदर सारखा करायला वेळ देतात.

शनिवारी संध्याकाळी दुकानाचे रूप पालटते. त्या वेळी ते हक्कांच्या कामासाठी बसतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. माहितीच्या अधिकाराचे अर्ज असतात, शिष्यवृत्ती अडलेली मुले असतात, आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली, घरी काही सांगू न शकणारी मुलेमुलीही असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, हे ते आधीच स्पष्ट करतात, म्हणजे कुणी खोटी आशा धरू नये. पण संयुक्त बँक खाते उघडायला व जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असा केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा २८ ऑगस्ट २०२४ चा खुलासा त्यांच्याकडे छापून तयार असतो. एका शाखेत नकार मिळालेल्या दोघांबरोबर ते स्वतः तो कागद घेऊन गेले होते. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले मानण्याबाबत केंद्र सरकारने राज्यांना कळवले आहे, हेही मला तिथेच समजले. मुलाला ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे न्यायला निघालेल्या एका बापाला त्यांनी बसवून घेतले आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवल्याचे पत्र वाचून दाखवले. बाप पटला की नाही, सांगता येत नाही. पण पोराला घेऊन तो घराकडे वळला.

मोबाइलवर ओळख काढून नंतर फोटोच्या धमकीने पैसे उकळण्याचे प्रकार खेड्यातही होतात. अशा वेळी ते चॅट पुसू देत नाहीत, स्क्रीनशॉट घेऊन १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करायला लावतात आणि खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ आहे, हे समजावतात. इथे त्यांचे तंत्रज्ञान आणि त्यांचे कार्यकर्तेपण वेगळे काढता येत नाही.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. काम हळू चालते; पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला इथे जाणे म्हणजे वावर सोडून दिवसभर बाकावर बसणे. उत्पन्न कमी दाखवा म्हटले की ते फाइल परत करतात, आणि ती परत करतानाचा स्वर परेडच्या मैदानावरचा असतो. सुनावणी किंवा बैठकीसाठी नागपूरला गेले की दुकान बंद, आणि तशी पाटीही वेळेवर लागत नाही. लॅपटॉपचा बिघाड ते अचूक ओळखतात, मात्र सुटा भाग नागपूरहून यायला आठवडे जातात. काही घरे अजूनही त्यांच्याकडे पोरांना पाठवत नाहीत; मात्र त्याच घरातले आजोबा पेन्शनचा कागद घेऊन दुपारच्या उन्हात येतात, कारण तेव्हा रस्त्यावर कुणी नसते.

दर भिंतीवर लिहिलेले आहेत आणि पावती मागावी लागत नाही. भारनियमनात इन्व्हर्टरवर संगणक चालतो, प्रिंटर चालत नाही. म्हणून प्रिंट हवी असल्यास आधी फोन करून जावे. पेन्शनच्या कामाला सोमवार-मंगळवार सकाळ बरी, आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) मूळ प्रत सोबत असू द्यावी, कारण झेरॉक्सवर ते काम सुरूच करत नाहीत.