माजावर आलेल्या मांजरीसाठी फेरोमोन डिफ्यूजर: अपेक्षा किती ठेवावी?

मांजर गाल घासून जी वासाची खूण (फेरोमोन) सोडते, तिचीच कृत्रिम नक्कल हा सॉकेटमध्ये लावायचा डिफ्यूजर हवेत सोडतो. पण माज हा हार्मोन्सचा खेळ आहे. त्यामुळे रात्रभरचं ओरडणं, जमिनीवर लोळणं, पाठीवर हात ठेवताच शेपूट बाजूला करून मागचे पाय आलटून पालटून आपटणं यानं थांबत नाही. फार तर बेचैनी थोडी उतरते, तीही प्रत्येक मांजरीची नाही.

लावायचाच तर मांजर जास्त वेळ असते त्या खोलीत, उघड्या सॉकेटमध्ये. सोफ्यामागे किंवा पडद्याआड लावला तर वाफ तिथेच अडकते आणि पैसे वाया जातात. बाटली साधारण 30 दिवस चालते. माज मात्र आठवडाभर टिकतो आणि मिलन झालं नाही तर 2-3 आठवड्यांत पुन्हा येतो, म्हणजे हा खर्च संपतच नाही.

माजात घरात इकडेतिकडे केलेल्या लघवीचे डाग एन्झाइमवाल्या क्लीनरनेच पुसा. अमोनियाचा क्लीनर नको, त्याचा वास लघवीसारखाच. माज दाबायच्या गोळ्या मनाने तर अजिबात देऊ नका, त्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. खरा इलाज नसबंदीच. डॉक्टरांची तारीख मिळेपर्यंत खिडक्या-दारं घट्ट बंद ठेवा.