‘बायोसची चिप गेली’ म्हणून माझे ५,२०० रुपये आणि रॅमही गेली

जुलैत म्हापशातल्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मी फसलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हातात पावती नाही. पण झालं ते सगळं सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या अपडेट बंद झाल्या, विंडोज ११ जुन्या मशीनवर सहजी चढत नाही, म्हणून आमच्या डिचोलीतसुद्धा बरेच जण जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घेतायत. तेच उद्या अशा दुकानात जाणार आहेत.

माझा लॅपटॉप २०१३ चा. त्यावर डेबियन हा लिनक्सचा प्रकार, आत ८-८ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे १६ जीबी रॅम. शाळेची कामं आणि जत्रेच्या नाटकांच्या संहिता मी त्यावरच इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डने टाइप करतो. त्या आठवड्यात पाऊस धो धो आणि वीज दिवसातून पाच-सहा वेळा जायची. एका सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर संदेश आला की तारीख-वेळ पुसली गेली आहे. त्यापाठोपाठ दुसरा, की बूट होण्यासारखी डिस्कच सापडत नाही. माझ्या पोटात गोळा आला. चतुर्थीपूर्वी द्यायची एक संहिता त्यातच होती.

दुकानदाराने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “सर, लिनक्सने बायोस खराब केला. चिप बदलून नवा बायोस टाकावा लागेल. बोर्ड वाचला तर नशीब.” बायोस म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, बोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. पासवर्ड कागदावर लिहून मागितला, मी दिला. चौथ्या दिवशी लॅपटॉप सुरू होऊन मिळाला, ५,२०० रुपये मोबाइलवरून दिले. पावती मागितली तर “प्रिंटर बंद आहे” म्हणाला. मी तरी हट्ट धरायला हवा होता.

मशीन मंद वाटत होतं, पण वय झालं म्हणून सोडून दिलं. चतुर्थीला फोंड्याहून भाचा आला. तो इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. त्याने टर्मिनलवर रॅम किती ते दाखवणारी ‘फ्री’ कमांड दिली आणि विचारलं, “मामा, रॅम किती होती म्हणालात?” पडद्यावर एकूण ७.६ जीबी होते. स्टिक विकत घेतल्या तेव्हा मशीनच्या सुट्या भागांची माहिती देणाऱ्या ‘डीएमआयडीकोड’ या कमांडचा सगळा अहवाल मी एका फाइलीत ठेवला होता. तो काढून नव्या अहवालाशेजारी लावला. दोन्ही स्लॉटमध्ये आता ४-४ जीबीच्या स्टिक, कंपनी वेगळी, सीरियल नंबर वेगळे. आणि बायोस? आवृत्ती तीच, तारीखही तीच, २०१८ ची. नवा बायोस टाकलाच नव्हता.

मग भाच्याने पाठचं झाकण उघडलं. बायोसची चिप म्हणजे आठ पायांचा बारीक काळा चौकोन. तिच्या पायांमधल्या फटींत राखाडी धूळ जशीच्या तशी बसलेली, सोल्डरचे जोड कारखान्यातलेच. चिप काढून नवी बसवली असती तर धूळ उरली नसती, आणि आजूबाजूला फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर करताना लावतात त्या राळेचा, पिवळट चिकटा दिसला असता. शेजारी मात्र एक वस्तू कोरी करकरीत होती, काळ्या आवरणातला दोन वायरींचा बटणसेल.

खरा बिघाड एवढाच होता. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल घड्याळ चालू ठेवतो, आणि जुन्या मशीनमध्ये बायोसच्या सेटिंगही त्याच्याच जिवावर असतात. तो संपला की सेटिंग मूळ पदावर जातात. माझं डेबियन यूईएफआय या बूट होण्याच्या नव्या पद्धतीने टाकलेलं, मशीन जुन्या लेगसी पद्धतीवर गेलं, म्हणून डिस्क धडधाकट असून बूट होईना. वायरीसकट सेल दीड-दोनशेला मिळतो. बायोसमध्ये जाऊन एक सेटिंग बदलायची, झालं. लिनक्सने काहीही खराब केलं नव्हतं. हे खोटं ऐकून कुणी लिनक्स काढून टाकेल, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

आम्ही दोघं दुकानात गेलो. उत्तर आलं, “लिनक्स अर्धीच रॅम दाखवतो, सर.” हे धादांत खोटं आहे. १६ जीबी असेल तर साधारण पंधराच्या पुढचा आकडा दिसतोच, थोडी काय ती ग्राफिक्ससाठी राखलेली असते. जुना आणि नवा असे दोन्ही अहवाल समोर ठेवले, तेव्हा “पावती आणा” म्हणाला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद आणि ते दोन अहवाल आहेत. पासवर्ड त्याच रात्री बदलले, कारण मुलांचे गुण त्या डिस्कवर होते.

तुमचा लॅपटॉप अजून चालू असेल तर आजच टर्मिनलमध्ये पूर्ण अधिकार देणारा ‘सुडो’ हा शब्द आधी लावून ‘डीएमआयडीकोड’ चालवा, ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कचा सीरियल नंबर आणि चाललेले तास बघा, आणि हे दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवा. मशीन बंद पडल्यावर हे करता येत नाही. दुकानात देताना झाकण समोर उघडायला लावून रॅमच्या स्टिकरचे फोटो काढा, नंबर पावतीवर लिहून घ्या. डिस्क काढून घरी ठेवता आली तर उत्तमच. चिप बदलली म्हणाले तर जुनी चिप मागा.

माझ्या दोन स्टिकपैकी एकीच्या स्टिकरवर कोपऱ्यात मी निळ्या पेनाने बारीक ‘श्री’ काढला होता. म्हापसा, डिचोली, पणजीकडे कुणी जुनी ८ जीबीची डीडीआर३ स्टिक विकत घेतली असेल, तर तेवढं पाहा आणि मला कळवा.