मुलुंडचं मुलांचं हॉस्पिटल: सोनोग्राफी खाटेपाशीच (४ स्टार)

नातू नऊ महिन्यांचा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा, मग एकदम मलूल. मी म्हटलं गॅस असेल, बेंबीला हिंग लावला. शी जेलीसारखी लाल झाली तेव्हा मात्र भर पावसात रिक्षा पकडली आणि रात्री २ वाजता इथे पोचलो.

पोराला कुठे हलवलंच नाही. डॉक्टरीणबाई मशीन ढकलत खाटेशी घेऊन आल्या, जेल आधी तळहातावर चोळून कोमट केलं (हे मला फार आवडलं) आणि सुनेच्या मांडीवरच सोनोग्राफी. पडद्यावर गोलात गोल, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखं. "आजी, आतड्यात आतडं शिरलंय." एक्स-रेचे किरण नाहीत, भूल नाही, पाच मिनिटांत कळलं. मग सोनोग्राफीत बघत बघतच शीच्या जागेतून सलाईन सोडून आतडं मागे सरकवलं. ऑपरेशन टळलं. काहींना पुन्हा होतं म्हणून दिवसभर ठेवून घेतलं.

तक्रार डिपॉझिटच्या खिडकीची. एकच खिडकी, त्यात माणूस पेंगत होता, माझ्या मुलाला दोनदा काच वाजवावी लागली. आणि कॅन्टीनचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, घरून थर्मास न्या.