तोंड उघडत नाही, मग नाकातून कुठली ट्यूब?

गुटख्याने गाल आखडलेत, दातांमध्ये जेमतेम एक बोट मावतंय आणि ऑपरेशन गालाच्या कॅन्सरचं. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, भुलीच्या टेबलावर मात्र ती फारशी दिसत नाही. असा पेशंट जागा ठेवून नाकातून फायबरऑप्टिक स्कोप (आतलं दाखवणारी बारीक, लवचिक दुर्बीण) घालायचा, इथवर वाद नसतो. स्कोपवरून श्वासनलिकेत सरकवायची श्वासाची ट्यूब कुठली, हे मात्र ती काढणार कधी यावर मी ठरवतो.

साधी पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकची ट्यूब, स्वस्त आणि कुठेही मिळणारी. पण अंगाने ताठ, टोक तिरकं कापलेलं. स्कोप श्वासनलिकेत पोचलेला असतो आणि ट्यूब मात्र उजव्या ॲरिटेनॉइडवर (स्वरयंत्रातल्या कूर्चेवर) अडून बसते. रेटू नका. थोडी मागे घ्या, घड्याळाच्या उलट दिशेने 90 अंश फिरवा, मग सरकवा; बहुतेक वेळा सुटते. आधी कोमट सलाइनमध्ये ठेवून मऊ केली तर नाकही कमी सोलवटतं.

फ्लेक्सोमेटॅलिकच्या भिंतीत तारेचं वेटोळं असतं. ती स्कोपच्या वळणाने वळते, त्यामुळे अडते कमी. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीनेही जाग्या पेशंटच्या फायबरऑप्टिक इंट्युबेशनसाठी (श्वासनलिकेत ट्यूब घालण्यासाठी) साध्या पीव्हीसीपेक्षा हिला आणि पार्कर, म्हणजे मऊ, वळलेल्या टोकाच्या ट्यूबला पसंती दिली आहे. पेशंटने चावली की ही चपटी होते आणि तशीच राहते, हा तिचा प्रसिद्ध दोष. पण नाकातली ट्यूब दातांखाली येतेच कशाला? मला धास्ती असते ती पुन्हापुन्हा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) केलेल्या ट्यूबची. आतला थर सुटून फुगा धरतो आणि बाहेरून काही कळत नाही. उजेडाकडे धरून आरपार बघा, शंका आली तर टाकून द्या.

नॉर्थ पोल, म्हणजे नाकाबाहेर वर वळवूनच बनवलेली ट्यूब, सर्जनची लाडकी: कपाळावरून निघून जाते, तोंड मोकळं. पण तिच्या वळणात स्कोप घासतो, सक्शन कॅथेटर (स्राव ओढून काढणारी नळी) अडतो, आणि लांबी बांधलेली असल्याने उंच माणसात कफ (टोकाजवळचा हवेचा फुगा) स्वरतंतूंच्या जवळच राहू शकतो.

ऑपरेशन संपल्यावर लगेच ट्यूब काढायची असेल तर मी फ्लेक्सोमेटॅलिक घेतो. सूज येणार, रात्रभर आयसीयूत ठेवायचाय, तर पीव्हीसी: पारदर्शक असल्याने निदान नाकाबाहेरच्या भागात रक्ताची गुठळी नजरेला पडते. सुजलेल्या घशात रात्री ट्यूब बदलण्याची पाळी स्वतःवर आणू नये.

गाठीमुळे स्वरयंत्रच अरुंद असेल तर मायक्रोलॅरिंजियल ट्यूब: आतून 5 मिमी, तरी लांबी आणि कफ मोठ्या माणसाचा. मात्र 4 मिमीच्या आसपासचा स्कोप तिच्यातून जेमतेम जातो, तेव्हा जेली लावून आधी टेबलावरच घालून बघा. पेशंट बसल्या जागी घरघरत असेल, तर ट्यूब निवडत बसण्यापेक्षा ईएनटीवाल्यांना बोलावून फक्त मानेची जागा बधिर करून (लोकलखाली) ट्रॅकिओस्टॉमीचं, म्हणजे गळ्यातून श्वासनलिकेत वाट करण्याचं, बोललेलं बरं.