बाबागाडी की बाळाचा पट्टा?

सिंगापूरला जायचं ठरलं, तेव्हा धाकटा आठ महिन्यांचा, थोरली अडीच वर्षांची. दोघांचे वेगळे पासपोर्ट काढले. थोरलीला पूर्ण सीट, कारण मांडीवर बसवायची सवलत दोन वर्षांखालच्यांनाच. हे निपटलं, अडलं ते बाबागाडीपाशी.

यवतमाळकडच्या आमच्या गावात तिची चाकं काळ्या मातीत रुतून बसतात. सासूबाई म्हणाल्या, "लेकराले गाडीत काऊन कोंबतं वं? घे कडेवर!" बाळाला अंगाशी बांधून घ्यायचा पट्टा खरंच सोयीचा. पिशवीत मावतो, बाळ छातीशी गाढ झोपतं. पण विमानतळावर तपासणीला बहुधा बाळ बाहेर काढावं लागतं, झोपमोड ठरलेली. त्यात सिंगापूर विषुववृत्ताजवळ, दमट उकाड्यात मायलेक दोघं घामानं चिंब.

गाडी बहुतेक विमान कंपन्या फुकट नेतात, बऱ्याचदा विमानाच्या दारापर्यंत. सिंगापूरचे फुटपाथ सपाट, मेट्रोला लिफ्ट. आणि खरं सांगू? घेतली धाकट्यासाठी, पण बसते थोरलीच. (दांड्याला जड पिशवी लटकवू नका, पोर उतरलं की गाडी उलटी.)

एकच न्यायचं तर मी हलकी, घडीची गाडीच नेईन. दोन्ही नेता आलं, तर नागपूरपर्यंतच्या एसटीत मात्र पट्टाच, गाडी सीटखाली.